बिनमैद्याची बॉक्स्टी

"खाली बसू दे. घाई नाही." किसलेला बटाटा फडक्यात घट्ट पिळून झाला, की ते वाडग्यातल्या गढूळ पाण्याकडे बघत उभे राहायचे. पाणी हळूच ओतून दिलं, की तळाशी पांढरंशुभ्र सत्त्व उरायचं. ते बोटाने खरवडून परत बटाट्यात घालायचे. बोलायचे अर्थात इंग्रजीत, पण मला त्यांचं सगळं मराठीतच आठवतं.

अमेरिकेत, श्रूजबरीत आमच्या शेजारच्या घरात हे म्हातारे आयरिश गृहस्थ एकटे राहायचे. बायको गेलेली, मुलगी लांब टेक्ससला. माझं घर तरी कुठे भरलेलं होतं! नवरा नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, नोव्हायला, लेक कॉलेजात. मी दिवसभर लॅपटॉपसमोर, मीटिंगमध्ये म्यूट होऊन बसलेली.

बॉक्स्टी म्हणजे आपल्या थालीपिठाची आयरिश मावसबहीण. थोडा बटाटा कच्चा किसलेला, थोडा उकडून कुस्करलेला, त्यात मैदा नि ताक, आणि तव्यावर सढळ हाताने लोणी. ते पहिल्यांदा ताटली घेऊन आले तो शुक्रवार होता. मी नुकतीच पोटभर जेवले होते आणि पाच मिनिटांत कॉल होता. नको म्हणायचं आपलं हुकमी कारण माझ्या तोंडून निघून गेलं, "आज माझा उपवास आहे."

तुम्हीही दिलं असेल कधीतरी. आपल्याकडे समोरचा "बरं बरं" म्हणून निघून जातो. हे कुठले जायला! दारातच चौकशी सुरू.

"मग काय काय चालतं?"

"बटाटा चालतो. मैदा नाही."

"बटाटा चालतो? देव समजूतदार दिसतोय तुमचा."

पुढच्या शुक्रवारी चार वाजता बेल. ताटलीत बिनमैद्याचा नुसता चुरा. "मोडली. पुन्हा करून बघतो," म्हणाले. चार-पाच शुक्रवार मी निमूटपणे चुरा खाल्ला. मग एकदाची त्या तळाच्या सत्त्वाने बॉक्स्टी धरली, अख्खी, गोल, कडेने कुरकुरीत. गडी असा काही हसला, की मी टाळ्याच वाजवल्या. त्यानंतर तर मला आपल्या ओट्याशी उभं करून शिकवायलाच लागले.

आता खरं कुठल्या तोंडाने सांगणार?

"अगं, सांगून टाक ना यार," नवरा फोनवर म्हणाला. "म्हातारा काय खाणार आहे तुला?"

त्याला काय जातंय बोलायला! आठवड्यातून एकदा कुणीतरी माझ्या दाराची बेल वाजवत होतं. खरं कळलं असतं तर ते यायचे थांबले असते, आणि मला ते यायला हवे होते. एका शुक्रवारी दुपारी एक वाजताच आले. गॅसवर अंडाकरी! मी पातेलं उचलून ओव्हनमध्ये कोंबलं.

"छान वास येतोय."

"शेजारून येतोय," मी म्हणाले. शेजारी तेच राहत होते.

"जेवली नाहीस ना अजून?" दर वेळी आधी हेच विचारायचे. मी मान हलवायची. मग समोर बसून तेही खायचे, भराभर, बोटं चाटत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला बॉक्स्टी फारच आवडते.

या मार्चमध्ये ते झोपेतच गेले. घर आवरायला आलेल्या मुलीने मला अंगणात गाठलं.

"उपवासवाल्या त्या तुम्हीच ना? शुक्रवारी फोन केला की मी डॅडवर ओरडायची, सकाळपासून काही खाल्लं का नाही म्हणून. ते म्हणायचे, ती पोरगी तिकडे एकटी उपाशी बसलेली असते. दोघं असलं की जड जात नाही."

कपाळ माझं! तीन वर्षं ते तिकडे उपाशी, आणि इकडे मी आमटी-भात ओरपत होते. लाज वाटली, रडूही आलं. तिलाही खरं सांगवेना. "हो, मीच," एवढंच म्हणाले.

त्या शुक्रवारी दुपारी मी नेहमीसारखी व्यवस्थित जेवले. तरी चार वाजता कडकडून भूक लागली. एकटीलाच.