हँडपंप नेणाऱ्या चेअरमनचा जावई

माझे सासरे भय्यासाहेब मुळ्ये गेले, त्या सकाळी हरिशंकरपुरमच्या नाक्यावरच्या कचोरीवाल्याला मीच बातमी सांगितली. त्याने झारा कढईतून काढलासुद्धा नाही. म्हणाला, "अरे जीजाजी, चेअरमन साब हैं. अगले इतवार लौट आएँगे." त्याची चूक नव्हती. टीव्हीवर एकच चॅनेल होतं त्या काळात भय्यासाहेब दर रविवारी सकाळी एका विनोदी मालिकेत चेअरमन छज्जूलाल व्हायचे. छोट्या गावच्या नगरपालिकेचा हा चेअरमन एका रविवारी पूल विकायचा, दुसऱ्या रविवारी शाळेचं छप्पर. शेवटी पकडला जायचा, चपलांचा हार घालून गाढवावर बसायचा आणि पुढच्या रविवारी परत त्याच खुर्चीत. त्याचं ते पान चघळत हसणं सुरू झालं की ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची वटवाघळं भर दिवसा उडायची. मी स्वतः मोजली आहेत. पुढचा रविवार आला, तेव्हा मात्र कचोरीवाल्याने न सांगता घरी पुडा पाठवला. आत चटणी नव्हती. भय्यासाहेब चटणी खात नसत, हे त्याच्या लक्षात होतं…

खरे भय्यासाहेब शाळेत भूगोल शिकवायचे. आयुष्यात त्यांनी शाळेचा खडूसुद्धा घरी आणला नाही; बोटांना लागलेली पूड तेवढी यायची, तीही ते फाटकाबाहेर झटकत असावेत असा माझा संशय आहे. गणेशोत्सवातल्या नाटकांत त्यांना नेहमी साधूसंतांची कामं मिळत. मालिकावाल्यांनी हा गरीब माणूस कुठे पाहिला आणि त्याच्यात हरामखोर कसा दिसला, देव जाणे. पण असा दिसला की भाजीवाले त्यांच्यासमोर तराजू पुन्हा पुन्हा तपासून घेत. ते तक्रार करत नसत. म्हणत, "चला, निदान माप तरी पक्कं मिळतं."

माझी गोष्ट अडली ती हँडपंपावर. छज्जूलालने मोहल्ल्याचा हँडपंप उखडून आपल्या अंगणात लावला, तो भाग लागला नेमका माझं लग्न ठरत होतं तेव्हा. त्यांच्या मुलीला, वसुधाला, मी आधीच होकार दिला होता आणि तिनेही मला, हे घरात फक्त भिंतींना ठाऊक होतं. आम्ही तेव्हा बिर्लानगरला राहायचो. वसुधा आणि तिचे आईवडील बैठकीला आले. माझी आजी पदर खोचून बाहेर आली, भय्यासाहेबांकडे पाहिलं आणि दारातच थांबली.

"हा तर पाणीचोर आहे. याच्या घरची मुलगी मी आणणार नाही."

वडील म्हणाले, "आई, ते नाटक असतं गं."

"नाटक का असेना. बायका तर उन्हात उभ्या होत्या ना?"

माझ्या आजीसमोर युक्तिवाद म्हणजे रेल्वेच्या इंजिनाला काडीने थांबवणं. वसुधाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मनातल्या मनात मी संन्यास घेऊन चंबळच्या खोऱ्यात पोहोचलो होतो. दुसरा कोणी असता, तर भूमिका आणि माणूस यांतला फरक समजावत बसला असता. भय्यासाहेब उठले, टोपी काढून आजीसमोर जमिनीवर बसले.

"चुकलं, आई. नेला हँडपंप. माझ्याच अंगणात लावला."

"आणि वर पान खात बसला होतास."

"बसलो होतो."

"लाज नाही वाटली तुला?"

"तेव्हा नाही वाटली. आता वाटते."

आमच्या घरांच्या लाइनीचा सार्वजनिक नळ एका पुढाऱ्याने खरोखरच आपल्या दारात हलवून घेतला होता आणि आजी वर्षानुवर्षं रूळ ओलांडून हंडे आणायची, हे मला वडिलांनी नंतर सांगितलं. तो पुढारी पुढे मोठा झाला, हारतुरे घेत फिरला. तिच्यासमोर येऊन "चुकलं" कोणी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हणाला तो भूगोलाचा मास्तर.

"मग परत लाव तो," आजी म्हणाली.

"ते आता माझ्या हातात नाही, आई. पण तुमच्या घरचं पाणी भरतो." आणि ते बादली घेऊन निघालेच. वडील मागे धावले. मुलीचा बाप मुलाच्या घरी पाणी भरतोय, हे बघून शेजारच्या शर्माइन खिडकीतून पडायच्या बाकी होत्या. इकडे तर मुलीच्या सासरी बाप पाणी पीतही नाही. भय्यासाहेब त्यांना म्हणाले, "बहनजी, पीने की मनाही है. भरने की किसी ने नहीं की." माठ गळ्यापर्यंत भरला, थेंब सांडला नाही. आजीने झाकण ठेवलं आणि म्हणाली, "मुलगी चांगली आहे." तोवर मुलीकडे तिने पाहिलंच नव्हतं.

त्या माठातल्या पाण्यावर माझा संसार उभा आहे. लग्नानंतर भय्यासाहेब जेव्हा जेव्हा आमच्याकडे येत, चपला काढून आधी माठ भरत, मग बसत. आजी गेली, आम्ही घर बदललं, फिल्टर आला, त्यांचे गुडघे गेले. एकदा मी म्हणालो, "भय्यासाहेब, आता राहू द्या ना. आजी बघत नाही." ते म्हणाले, "जावईबापू, मुलगी चांगली आहे म्हणाल्या त्या. माफ केलं असं म्हणाल्या होत्या का? तुम्हाला आठवतंय?" मला आठवेना. त्यांनी बादली उचलली.

गेल्या आठवड्यात एक माजी नगरसेवक भेटायला आले. मागे दोन माणसं, अंगात बगळ्यालाही लाजवतील असे कपडे. डोळे पुसत वसुधाला म्हणाले, "भाभीजी, उन्हीं को देख-देख के तो हम राजनीति में आए." मग पाणी मागितलं. फिल्टरचं दोन पावलांवर होतं. भय्यासाहेबांनी शेवटच्या फेरीला भरलेलं पाणी संपल्यापासून माठ कोरडाच होता. तो भरायला आमच्यापैकी कोणाचाच हात धजला नव्हता. वसुधा उठली आणि बादली नगरसेवकांच्या पायाशी ठेवली.

"हमारे यहाँ चेअरमन लोग ख़ुद भरते हैं."

मागची दोन माणसं पुढे सरसावली. "ये नहीं," ती म्हणाली. "आप."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. शेवटी त्यांनी बाह्या सारल्या, नळावर गेले, बादली उचलून आणली आणि माठात ओतली. निम्मं पाणी फरशीवरून उंबऱ्यापर्यंत गेलं. वसुधाने फडकं घेतलं नाही. माठाला हात लावून पाहिला, झाकण ठेवलं आणि हळूच मला म्हणाली, "बाबा सांडत नसत."