मागचा डावा कोपरा

तो पहिल्यांदा माझ्या लक्षात आला तो जागेवर नसल्यामुळे. शाळा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. सहावीच्या मुलांना मी उंचीप्रमाणे बसवलं होतं. हा बुटका, म्हणून पहिल्या बाकावर, उजवीकडे, खिडकीपाशी. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना पाहिलं तर खिडकीपाशी कोणी नाही, आणि महाराज सगळ्यात मागच्या बाकावर, डाव्या भिंतीला खांदा टेकून बसलेले.

"तिथे काय सोनं पुरलंय का रे?" मी विचारलं.

"नाही बाई."

"मग?"

"इथून नीट ऐकू येतं."

वर्ग खो-खो हसला. फळ्यापासून सर्वांत लांब बसून नीट ऐकू येतं म्हणणारा मुलगा मी तोवर पाहिला नव्हता. मला तो आगाऊपणा वाटला. त्याला पुन्हा खिडकीपाशी आणलं. चौथ्या दिवशी तो पुन्हा कोपऱ्यात. पुन्हा आणलं. असं आठवडाभर चाललं, आणि शेवटी मी जिंकले, कारण मी शिक्षिका होते. पोरांनी त्याचं नाव 'कोपरा' ठेवलं. श्रुतलेखनात त्याला त्या वर्षी दहापैकी तीनच्या वर गुण कधी मिळाले नाहीत. प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, 'लक्ष नसते.' अक्षर माझं तेव्हा फार सुरेख होतं.

त्यानंतर तो आमच्या दारात उभा राहिला तो थेट मागच्या वर्षी, खांद्याला अवजारांची पिशवी लावून, डोक्यावरचे केस निम्मे गेलेले.

झालं होतं असं. आमचा मुलगा नोकरीसाठी दूर गेला आणि जाताना त्याचं होम थिएटर आमच्याकडे ठेवून गेला. एक जडशीळ डबा, ज्याला अँप्लिफायर म्हणतात, पाच स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक घुमणारा ठोकळा. मुलगा सहा फुटी असल्यामुळे मागचे दोन स्पीकर त्याने भिंतीवर पार छताजवळ ठोकले होते. आमच्या घरात तिथवर हात पोचणारं आता कोणी नाही. आमच्या यांना त्यावर लॅपटॉप जोडून जंगलांचे माहितीपट बघायचे होते. हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. दुकानदाराच्या तराजूत एक तोळा इकडेतिकडे झाला तरी यांना रात्री झोप येत नसे. त्यांनी स्वतः वायर जोडली, चित्र आलं, आवाजही आला, पण तो पुढच्या दोन स्पीकरमधूनच. मागचे दोघे आणि मधला हजेरीला होते, बोलत मात्र नव्हते.

"पाचाचे पैसे देऊन दोनच?" हे म्हणाले.

"आपण कुठे दिलेत?" मी म्हटलं.

"मुलाने दिले. वजन तेच."

मग चौकातल्या दुकानात फोन केला आणि त्यांनी माणूस पाठवला. मी दार उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, डोकं जरासं वळवून माझ्याकडे उजवा गाल केला आणि म्हणाला, "बाई, मी कोपरा."

मी त्याला चहा विचारला. काम झाल्यावर, म्हणाला. पिशवी उघडली, गुडघे टेकून डब्याच्या मागे डोकं घातलं आणि दहा मिनिटं आम्हाला फक्त त्याचे तळवे दिसत होते. लॅपटॉपपासून डब्यापर्यंत एक जाड वायर, डब्यापासून टीव्हीपर्यंत दुसरी. त्या दोन्ही यांनी बरोबर लावल्या होत्या, हे त्याने आवर्जून सांगितलं. यांची मान ताठ झाली.

"मग अडलंय कुठे?" यांनी विचारलं.

"काका, लॅपटॉपला अजून वाटतंय घरात दोनच स्पीकर आहेत. त्याला कोणी सांगितलंच नाही." त्याने आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन यादीतून आमचा डबा निवडला, दोन स्पीकरच्या चित्राऐवजी पाच स्पीकर आणि एका ठोकळ्याचं चित्र निवडलं, आणि सगळं मान्य करून टाकलं. इतकंच. मला वर्गातल्या त्या मुलांची आठवण झाली ज्यांना नाव घेऊन विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं.

"आता तपासणी," तो म्हणाला. "एक बटण दाबलं की हे एकेकाला बोलायला लावतं. बाई, तुम्ही मधल्या खुर्चीत बसा, टीव्हीकडे तोंड करून, आणि आवाज येईल तिकडे..." तो थांबला. कानाची पाळी चोळली. "नाही, राहू दे. तुम्ही नुसतं सांगा, डावा का उजवा."

पुढच्या तिघांच्या वेळी तो स्वतःच स्पीकरपाशी जाऊन त्याच्या जाळीवर दोन बोटं टेकवत होता. डॉक्टर नाडी बघतात तसं. ठोकळ्यावर तळहात ठेवला. मागचे दोन उंचावर असल्याने त्याचं बोट तिथे पोचेना, म्हणून त्याने मला विचारलं. मी सांगितलं. त्याने डब्याच्या मागे जाऊन दोन वायरींची अदलाबदल केली, चहा प्यायला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि गेला. प्रगतिपुस्तकाचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही.

दोन दिवसांनी हे जेवताना म्हणाले, "ती जीप."

"कुठली जीप?"

"माहितीपटातली. पडद्याच्या डाव्या बाजूने बाहेर गेली आणि मागे उजव्या बाजूला निघाली. मधे आपल्या डोक्यातून गेली असली पाहिजे."

"जाऊ दे की. पोचली ना?"

पण ज्याने आयुष्यभर तोळ्याचा हिशोब मागितला तो जीप कशी सोडेल? मी भाजी आणायला गेले असताना यांनी दुकानात फोन करून रीतसर तक्रार नोंदवली. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, जेव्हा दारात कोपरा आणि त्याच्यामागे दुकानाचे मालक उभे राहिले तेव्हा. मालक साठीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बोलायला सज्जन. एक लाकडी शिडीही त्यांनी आणली होती आणि ती कोपऱ्याच्या खांद्यावर होती.

"मॅडम, माफ करा," मालक म्हणाले. "महिन्याभरात ही दुसरी तक्रार. आधीचे एक डॉक्टर, त्यांचंही मागचं डावं-उजवं उलटं. म्हणून म्हटलं, हा तपासतो कसा ते आज डोळ्यांनी बघू." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "बस त्या खुर्चीत. डोळे मीट. मी बटण दाबतो, तू सांग आवाज कुठून येतोय. जमलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून गोदाम."

गोदाम म्हणजे काय ते मला त्यांनीच मग समजावलं. दुकानामागे एक खोली आहे, तिथे खोकी उतरवायची, रचायची, पुन्हा उतरवायची. कोपऱ्याने पहिली सात वर्षं तेच केलं होतं. लोकांच्या घरी जाऊन जोडणी करायचं काम त्याला गेल्या अकरा वर्षांत मिळालं होतं.

तो बसला. हात मांडीवर. डोळे मिटले. मी अडतीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. घाबरलेलं पोर कसं बसतं ते मला पाठमोऱ्यावरूनही कळतं.

मालकांनी बटण दाबलं. "पुढचा डावा," कोपरा म्हणाला. बरोबर. "पुढचा उजवा." बरोबर. "मधला." "ठोकळा." मालकांचा चेहरा सैल पडू लागला. हे माझ्याकडे बघून भुवया उंचावत होते. मग वरून, छताजवळून आवाज आला.

"मागचा डावा," कोपरा म्हणाला.

आवाज उजवीकडून आला होता. अगदी स्पष्ट, उजवीकडून. आम्ही तिघांनीही तिकडे माना वळवल्या होत्या.

"नक्की?" मालकांनी विचारलं.

"नक्की. आणि आता मागचा उजवा."

तो डावीकडून आला.

कोपऱ्याने डोळे उघडले, आमच्या माना बघितल्या आणि त्याला कळलं. मलाही तेव्हाच कळलं, की तो ऐकून सांगतच नव्हता. ते बटण नेहमी त्याच क्रमाने स्पीकर वाजवतं आणि तो क्रम त्याला पाढ्यासारखा पाठ होता. आणि मग माझ्या लक्षात आलं की मान तशी तिरकी करून, उजवा गाल पुढे करून तो सहावीतही बसायचा.

"तू कोपऱ्यात का बसायचास रे?" मी विचारलं.

"बाई, तेव्हाही सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं.

मी मालकांना म्हटलं, "याची चूक नाही. मागचं डावं-उजवं याला मी सांगितलं होतं." आणि कसं सांगितलं तेही सांगून टाकलं. मी सगळा जन्म मुलांकडे तोंड करून उभी राहिले. 'डावा हात वर' म्हणताना मी माझा उजवा वर करायचे, म्हणजे त्यांना आरशात पाहिल्यासारखं सोपं जाई. मागून आवाज आला की माझं मन आपोआप वळून वर्गाकडे तोंड करून उभं राहतं, आणि मग खुर्चीच्या डावीकडचा आवाज माझ्या उजव्या हाताला येतो. समोरचा स्पीकर असता तर चुकले नसते.

"अहो, म्हणजे जीप तू फिरवलीस?" हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

मला वाटलं मी त्याला वाचवलं. मालकांनी मात्र सावकाश विचारलं, "म्हणजे हा स्वतः ऐकत नाही? गिऱ्हाइकाला विचारून जोडतो?"

शाळेत पोराची बाजू घ्यायला जाऊन पोराला आणखी अडकवलं, असं माझ्या हातून फार वेळा झालं नव्हतं. ते त्या दिवशी झालं.

कोपरा उठून उभा राहिला. "मालक, माझा डावा कान लहानपणापासून बंद आहे. मला सगळे आवाज एकाच बाजूने येतात. कुठला स्पीकर बोलतोय ते मला बोटाला कळतं, कानाला नाही."

"अकरा वर्षं?"

"अकरा."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही पाठवलं असतं?"

मालकांनी यावर खिशातलं एक पेन काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. "मग इतकी घरं कशी केलीस?"

"मालक, प्रत्येकाच्या घरी दोन कान असलेलं एक तरी माणूस असतंच. मी त्याला मधल्या खुर्चीत बसवतो आणि सांगतो, आवाज येईल तिकडे बोट दाखवा. लोकांना वाटतं, किती अदबीने विचारतो. बोट सहसा चुकत नाही."

"डॉक्टरांचं चुकलं."

"डॉक्टर फोनवर बोलत होते. एक हात फोनला, दुसऱ्याने बोट. तिकडे मी परत जायला हवं होतं, ती माझी चूक."

"आणि इथे?"

तो माझ्याकडे बघून जरा हसला. "बाईंना बोट दाखवायला कसं सांगणार? त्या आम्हाला दाखवायच्या."

मग त्याने कोणाला न विचारता शिडी लावली, वर चढला, आणि दोन्ही स्पीकरच्या जाळीला आळीपाळीने बोटं लावून यांना बटण दाबायला सांगितलं. खाली उतरला. डब्याच्या मागे हात घालून, न बघता, दोन वायरी काढून अदलून लावल्या. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहत होते. चाळीस सेकंद.

"मालक, बसा," तो म्हणाला.

"मी?"

"बसा. डोळे मिटा. बोट दाखवा."

मालक बसले. डोळे मिटले, आणि पाच वेळा बोट दाखवलं. मागच्या दोघांच्या वेळी त्यांना खांद्यावरून हात उलटा न्यावा लागला आणि खिशातलं एक पेन खाली पडलं. पाचही बरोबर. यांनी जीप लावली. ती पडद्याच्या डावीकडून गेली आणि मागेही डावीकडेच निघाली. हे इतके खूश झाले की ती त्यांनी तीनदा घालवली.

मालक बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत. जंगलातले पक्षी ऐकत होते असं मला वाटलं. शेवटी म्हणाले, "याने केलेल्या घरांत एकही स्पीकर जळलेला नाही की वायर सुटलेली नाही. अकरा वर्षांत दोन उलटे. दोन कान असलेला माझा आधीचा माणूस वर्षाला दोन करायचा." मग पेन उचललं, पावतीच्या मागे काहीतरी लिहिलं आणि कोपऱ्याला दिलं. "हे छापून घे. आणि शिक्षकांच्या घरी दोनदा तपास."

"आणि गोदाम?" मी विचारलं, कारण तो विचारणार नव्हता.

"गोदामात शिडी ठेवायची आहे," मालक म्हणाले. "ती ठेवून यायला सांगा त्याला."

जाताना कोपऱ्याने चहा घेतला. मी त्याला म्हटलं, मी तुझ्या प्रगतिपुस्तकात चुकीचा शेरा लिहिला होता. तो म्हणाला, "बाई, ते आईने कधीच ठेवलं नाही. त्यावर पापड वाळवले असतील." हे त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं झालं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

आता त्या दुकानाच्या प्रत्येक पावतीवर खाली एक ओळ छापलेली असते, 'तपासणीच्या वेळी कृपया तोंडाने न सांगता बोटाने दाखवावे.' कोपरा आठवड्याला चार-पाच घरं करतो. उरलेल्या वेळात तो दुकानात बसतो. त्याची खुर्ची मागे, डाव्या भिंतीला लागून आहे.