इवायाच्या घरचा चहा

आमदारांच्या वागणुकीवर नजर ठेवणारी नीतिमूल्य समिती म्हणजे किश्शांची खाणच! माणूस स्वतःला वाचवायला लागला की काय काय बोलतो, ते मी तिथं पाच वर्षं ऐकलं. पण आठवतात ते आमचे अध्यक्ष, दारव्ह्याचे नामदेवभाऊ.

मी घाटंजीची, त्या समितीची सदस्य. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन माझं मीच केलं. पहिल्याच बैठकीत एका वकील सदस्यानं विचारलं, ताई, शिक्षण किती?

"चौथी. अन् तुमच्यावर तक्रारी किती?"

भाऊ कारकुनाला म्हणाले, "दोघायचंही लिहू नका."

*

भाऊंचा एक नियम होता. ज्याच्यावर तक्रार, त्याच्याकडचा चहा निकाल लागेपर्यंत समितीनं घ्यायचा नाही. एकदा असाच एक आमदार थर्मास घेऊन बैठकीला आला, मसाल्याचा चहा! भाऊंनी आपला कप पालथा घातला. आम्हीही घातले. वकीलसाहेब मात्र अर्धा पिऊन बसले होते.

भाऊ म्हणाले, "आता पुरा पिऊन घ्या, अन् या प्रकरणातून बाहेर बसा."

*

मग तक्रार आली ती शंकरबापूंवर. बापू आमदार, आणि भाऊंच्या एकुलत्या एक पोरीचे, सुनंदाचे सासरे. म्हणजे भाऊंचे व्याही, आमच्या बोलीत इवाईच! सुनंदाच्या डोहाळजेवणाच्या पंगतीत जेवता जेवता बापू फोनवर तहसीलदारबाईंना नको ते बोलले, असा आरोप. आणि बापूंच्या शेजारच्याच पाटावर कोण? भाऊ!

बापू निर्धास्त. पण भाऊंनी पोरीच्या घरचाही चहा सोडला. भेटायला जात, ओसरीवर बसून आपल्या बाटलीतलं पाणी पीत. विहीणबाई भडकल्या. असा अपमान करायचा असेल तर येऊ नका, आणि बाळंतपणाला पोरगीही माहेरी येणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

मी भाऊंना झापलं. म्हटलं, पोरीचं माहेर तोडता काय?

"ताई, बाटली आणजा म्हणून तिचाच तर फोन आलता."



*

सुनावणी नागपूरच्या अधिवेशनात झाली. भाऊ अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठले, मला तिथं बसवलं आणि स्वतः साक्षीदाराच्या जागी गेले. जे ऐकलं ते शब्दन् शब्द सांगितलं.

बापू म्हणाले, सगळं खोटं. पंगतीच्या गोंधळात कोणाला काय ऐकू येतं?

मी भाऊंना विचारलं, आणखी कोणी ऐकलं काय?

भाऊ खाली पाहत राहिले. मी पुन्हा विचारलं. इवाई असो की कोणी, त्या खुर्चीत बसल्यावर मी सोडणार नव्हते.

"सुनंदा होती," ते म्हणाले. "बापूच्या पानात पुरणपोळी वाढून राह्यलती."

आठवा महिना लागलेली पोर. सासऱ्याविरुद्ध साक्ष. मी कारकुनाला म्हटलं, बोलावणं धाडा.

तेव्हा बापू उठले. "तिले नका बोलवू. मी म्हणलो."

मी निकाल सांगितला: तहसीलात जाऊन, सगळ्या कचेरीसमोर त्या बाईंची माफी मागायची. बापूंनी मान हलवली.

*

बाहेर आलो तर व्हरांड्यात दोघे इवाई समोरासमोर. मी खांबाशी थांबले. बापूंचा चेहरा उतरलेला. तेच पुढं झाले.

"निकाल लागला न, भाऊ. चाला घरी. सुनबाईच्या हातचा चहा तरी घ्यान न आता?"

भाऊंचे डोळे भरून आले होते.

"त्या बाईची माफी मागतली का?"

"उद्या मागतो."

"मंग चहा परवा."