पहिलं वाक्य

डूख धरावा तर नापासबाईसारखा. इतकी वर्षं गेली, पण त्याची धार तसूभरही कमी झाली नव्हती.

हे नाव तिला थोरल्या भावाने ठेवलेलं. संगीत शिक्षकाच्या परीक्षेत तिने पहिल्यांदा आपटी खाल्ली तेव्हा तो चेष्टेत म्हणाला, आणि पुढे ती आपट्या खातच राहिली म्हणून ते चिकटलं. गळा असा, की ती गायला बसली की शेजारी आपला रेडिओ बंद करायचे. पण लेखी पेपर समोर आला की अक्षरं डोळ्यांपुढे नाचायची आणि येत असलेलंही लिहिता यायचं नाही. तोंडी परीक्षा घ्या, म्हणून ती संगीत विद्यालयाच्या प्राचार्यांच्या हातापाया पडली. प्राचार्यांनी काय करावं? तिची उत्तरपत्रिका भर वर्गात वाचून दाखवली. वर्ग पोट धरून हसला.

"तू गा, नाच, काय वाटेल ते कर," प्राचार्य म्हणाले. "शिकवण्याच्या फंदात मात्र पडू नकोस. पोरांचं वाटोळं होईल."

त्या माणसाच्या जिभेला हाडच नव्हतं. शेवटी नियमावर बोट ठेवून त्यांनी तिचं नावही पटावरून कमी केलं. ती घरी येऊन रडली बिडली नाही. भांडी घासत बसली आणि एक पातेलं इतकं घासलं, की आईने ते हातातून काढून घेतलं.

पुढे वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दवाखान्यात त्यांची चादर बदलताना ती सवयीने गुणगुणत होती, तर वडील तिच्याबरोबर शब्दांसकट गायला लागले. ज्यांना साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं, ते अख्खं कडवं म्हणत होते. वाचा गेलेल्यांना बोलतं करणाऱ्या डॉक्टरबाई हे बघून दारातच थबकल्या. असं पुष्कळांचं होतं, त्या म्हणाल्या, बोलणं जातं आणि गाणं मागे राहतं. माझ्याकडे येतेस का?

ती गेली, शिकली, आणि त्या कामात अशी मुरली की डॉक्टरबाईंनी तिला स्वतंत्र खोली दिली. दारावरच्या पाटीसाठी 'साहाय्यक' हा शब्द ठरला होता. नापासबाई हटून बसली. पाटीवर 'संगीत शिक्षिका' असंच लिहून घेतलं आणि ती पाटी रोज सकाळी स्वतःच्या पदराने पुसू लागली.

काम असं असायचं. रोग्याचा डावा हात हातात धरायचा, त्याने टेबलावर ठेका द्यायचा आणि रोजचं एखादं वाक्य दोन सुरांत घोटून घ्यायचं. त्यात पहिलं वाक्य फार जपून निवडावं लागे. ते असं घट्ट बसतं, की पुढे कितीतरी दिवस रोगी काहीही सांगायला गेला तरी तोंडातून तेच बाहेर पडतं. म्हणून सगळ्यांना आधी 'पाणी दे' शिकवायचा शिरस्ता होता.

आणि एक दिवस बायकोचा हात धरून, पाय ओढत प्राचार्य आले.

त्यांना समजत सगळं होतं, तोंडातून मात्र नुसतं 'त, त' निघत होतं. त्यांनी पाटी बघितली, मग तिच्याकडे बघितलं. ओळख पटली, आणि त्यांनी माघारी वळायची धडपड केली.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, "हाकलून दे म्हाताऱ्याला."

"छे," ती म्हणाली, "त्यांना मीच शिकवणार."

दुसऱ्या दिवशी तिने त्यांचा डावा हात टेबलावर ठेवला आणि ठेका धरून वाक्य म्हटलं, "मी चुकलो."

प्राचार्यांनी हात हिसकावून घेतला. ती शांतपणे म्हणाली, "नापास. परत या."

कितीतरी वेळा ते आले, ओठ घट्ट मिटून बसले आणि नापास होऊन गेले. तिला काय बरं वाटायचं म्हणून सांगू! पण माणूस मुका किती दिवस राहणार? एका दुपारी त्यांचा हात आपणहून ठेका देऊ लागला. डोळ्यांत पाणी, मान खाली, आणि सूर मात्र अचूक. "मी चुकलो."

झालं. चहा हवा, मी चुकलो. खिडकी लाव, मी चुकलो. दारावर दूधवाला आला, त्यालाही मी चुकलो. डॉक्टरबाईंच्या कानावर गेलं आणि त्या तिच्यावर अशा भडकल्या, की नोकरी जाते की राहते असं झालं. तेवढ्यात प्राचार्यांची बायको आली.

"या बाईंना बोलू नका, डॉक्टर," ती म्हणाली. "उभ्या संसारात ह्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. बाई, पुढचं सावकाश शिकवलंत तरी चालेल."

नापासबाई हसली नाही. जो माणूस दूधवाल्यालाही 'मी चुकलो' म्हणतो, तो तिला म्हणाला त्याला काय किंमत? हातचा सूड तिने स्वतःच नासवला होता. आता एकच वाट होती. त्यांना बाकीचं सगळं बोलता यायला हवं. मग समोर हजार वाक्यं असताना त्यांनी तिच्यासाठी तेच निवडलं, तर ते खरं.

मग तिने त्यांना पिळून काढलं. पाणी दे. दार उघड. पाय दुखतो. इतकं खपून तिने कुणालाच शिकवलं नव्हतं. एकेक वाक्य येत गेलं तसं ते पहिलं मागे पडत गेलं. शेवटी ठेक्याचीही गरज उरली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता यांना सोडायला हरकत नाही.

निघताना प्राचार्य पाटीखाली थांबले. बायको पुढे गेली होती. नापासबाई दाराशी उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, ओठ जुळवले आणि कुणी न शिकवलेलं, स्वतःचं पहिलं वाक्य एकेक शब्द करत म्हटलं.

"मी... तुला... तरीही... नापासच... केलं असतं."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. मग तिने खोलीचं दार पुन्हा सताड उघडलं आणि त्यांची खुर्ची पुढे ओढली.

"शब्द तुटताहेत, सर," ती म्हणाली. "उद्यापासून परत यायचं. मी तुम्हाला अजून पास केलेलं नाही."