चिकावरचा भरवसा

माझ्या मामेसासऱ्यांइतका हट्टी माणूस आख्ख्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. राहायला वर्तकनगरात, पण कल्याणच्या तबेल्यातली कुठली म्हैस गाभण आहे, कुठलीचे दिवस भरलेत, सगळं तोंडपाठ! माझ्या दोन्ही बाळंतपणांत या गृहस्थांनी साधा फोन केला नव्हता. तिकडे एक म्हैस अडली, तर दुपारभर गोठ्यात उभे राहून "हं, जोर कर गं बाई" चाललं होतं. तबेलेवाल्यानं शेवटी त्यांना खुर्ची दिली.

हे सगळं मामींसाठी. त्यांच्या फुप्फुसांवर आतून वण पडत चाललेत, फुप्फुसं कडक होत चाललीत. मामांनी कुठेतरी वाचलं, की दुधात मुळातच असणारं एक प्रथिन असे वण पडणं कदाचित रोखू शकेल. त्यातलं 'कदाचित' त्यांनी सोयीस्करपणे गाळलं. चिकात ते भरपूर असतं म्हणे, म्हणून घरात खरवसाचा रतीब सुरू झाला. पुढे कोणीतरी अक्कल पाजळली, की उकडलं की प्रथिनाचं मातेरं होतं. झालं! मामी बिचाऱ्या नाक दाबून कच्चा चीक प्यायला लागल्या. "अहो, निदान वेलची तरी घाला," एवढंच त्यांचं गाऱ्हाणं.

डॉक्टरीणबाईंनी मामांना समोर बसवून समजावलं. हे अजून उंदरांवर चाललंय, प्यायलेलं पोटातच पचून जातं, आणि एकदा पडलेले वण त्यानं पुसले जाणार नाहीत. कच्चा चीक तर मुळीच देऊ नका. मामा ताडकन उठले. "उंदरांचा नंबर लागतो आणि माझ्या बायकोचा लागत नाही?" मला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं. त्या दिवसापासून मामा चीक कोमट करून देऊ लागले. तडजोड म्हणे!

"अगं, यानं काही होणार नाहीये, मला का कळत नाही?" मामी एकदा मला म्हणाल्या. "पण मी नको म्हटलं तर हे दिवसभर करतील काय?"

परवा मी भेटायला गेले तेव्हा मामींना ऑक्सिजन लावलेला होता. पाण्याचा घोटसुद्धा गिळवत नव्हता. मामा पेला हातात धरून कॉटवर नुसतेच बसून राहिले. मग त्यांनी तो चीक स्वतःच घटाघटा पिऊन टाकला आणि रिकामा पेला मामींपुढे धरला.

"संपवलास बघ. शाब्बास."

मामींनी हळूच मान डोलावली आणि मामांच्या मिशीला लागलेला चीक बोटानं पुसला.