मोजणाऱ्याचा भार

घरचा कॉम्प्युटर अडखळतो, म्हणून कुठला प्रोग्रॅम किती मेमरी खातो ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ब्याण्णव टक्के भरलेली, प्रोसेसर वरखाली. यादीत खुद्द टास्क मॅनेजरही होता. मोजणाऱ्याचाही भार पडतो तर.

मागे पलंगावर बायको पडली होती, नुकतीच दुखण्यातून उठलेली. दंडाला मशीनचा पट्टा बांधून तिचं ब्लडप्रेशर मी सारखं बघतो. सकाळीच म्हणाली, "अहो, तुम्ही तो पट्टा घेऊन आलात ना, की तिथेच वाढतं माझं!"

मी टास्क मॅनेजर बंद केला. भार उतरला असेल. पण आता आकडा कोण सांगणार? मोजलं नाही तर माझा जीव थाऱ्यावर नाही, मोजलं तर तिचा.

वळून पाहिलं, तर ती जागी होती. नकळत मी पट्टा उचलला होता. तिने बाही वर सरकवली.