धोम्याच्या डोक्यातला दगड

आज समई चिंचेने घासताना तो आंबट वास आला आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली एक सकाळ आठवली.

धोमा या माशाच्या डोक्यात दोन पांढरे दगड असतात. त्यांच्यातल्या वलयांवरून माशाचं वय ओळखायचं, असा माझा प्रकल्प होता. दांडीच्या किनाऱ्यावरून डोकी आणून मी महिनाभर दगड जमवले. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी आईने ते सगळे चिंचेच्या पाण्यात भिजवले. "मॅडमना दाखवायचे तर चकचकीत नको?" दगड मात्र झिजून खडबडीत झाले, काही तुटलेही. प्रकल्प गेला म्हणून मी रडले.

सकाळी आई हट्टाने कॉलेजात आली. "मॅडम, पोरीला बोलू नका. चूक माजी हाय."

मॅडमनी त्यातला एक तुटका दगड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावलं. तुटलेल्या बाजूवर वलयं लख्ख उमटली होती. "आंबटाने मऊ थर खाल्ले," मॅडम हसल्या. "आम्ही हेच सौम्य आम्लाने करतो. आता सादरीकरणाची काळजी सोड."

मग आईने डोळा लावला. बोटांवर रेघा मोजल्या.

"एक रेघ म्हंजे एक वरस?"

"साधारण तसंच, आई."

"चार वरसं जगलाय गो, बाय! आन आमी डोकी फेकून देतो."

तेव्हा मी फक्त प्रकल्प वाचल्याच्या आनंदात होते. आता दिसते ती जन्मभर धोमे कापणारी आई. तिने पदराला हात पुसले आणि तो नखाएवढा दगड दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवला.